आयनांबराचा प्रकल्प: जमिनीवरचा रिसीव्हर की रेडिओ ऑकल्टेशन?

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला आयनांबर, म्हणजे वातावरणाचा मुक्त इलेक्ट्रॉन असलेला वरचा थर, घेतलंत, तर पहिलाच प्रश्न पडतो तो डेटा कुठला घ्यायचा. पाया दोन्हीकडे एकच आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किमी उंचीवरून सिग्नल पाठवतात आणि वाटेतले मुक्त इलेक्ट्रॉन त्याला उशीर लावतात. एल-1 (1575.42 मेगाहर्ट्‌झ) आणि एल-2 (1227.60 मेगाहर्ट्‌झ) या त्याच्या दोन फ्रीक्वेन्सींना लागणारा उशीर वेगवेगळा असतो. त्या फरकावरून वाटेत इलेक्ट्रॉन किती होते हे काढतात, म्हणजेच टीईसी (टोटल इलेक्ट्रॉन कंटेंट).

जमिनीवरचा रिसीव्हर एका जागी बसून रात्रंदिवस नोंद घेतो, बहुधा दर 30 सेकंदांनी. सूर्यास्तानंतर प्लाझ्माचा बुडबुडा, म्हणजे इलेक्ट्रॉन विरळ झालेला भाग, डोक्यावरून सरकला की टीईसी खाली कोसळते, सिग्नल थरथरतो आणि त्याची नेमकी वेळ हाती लागते. आपल्यासाठी हे मोलाचं आहे. चुंबकीय विषुववृत्त तिरुनेलवेलीजवळून जातं, इलेक्ट्रॉनांचा उंचवटा, म्हणजे ते सगळ्यात दाट असतात तो पट्टा, अहमदाबाद-भोपाळच्या आसपास येतो आणि महाराष्ट्र त्या चढावर आहे. इथे शंभर-दोनशे किलोमीटरवर चित्र पालटू शकतं.

खरी डोकेदुखी रिसीव्हरच्या स्वतःच्या विलंबाची. दोन फ्रीक्वेन्सींमधली 1 नॅनोसेकंदाची चूक म्हणजे जवळपास 2.85 टीईसी एककं. पहाटेची टीईसी ऋण आली, तर हा दोष काढायचा राहिलाय असं खुशाल समजा. शिवाय इलेक्ट्रॉन किती हे कळतं, कुठल्या उंचीवर हे कळत नाही.

ती उंची रेडिओ ऑकल्टेशन सांगतं. इथे रिसीव्हर खालच्या कक्षेतल्या उपग्रहावर असतो. जीपीएस उपग्रह पृथ्वीआड मावळताना त्याचा किरण थरामागून थर कापत उतरतो आणि इलेक्ट्रॉन घनतेचा उभा आलेख मिळतो. जून 2019 मध्ये सोडलेल्या कॉस्मिक-2 च्या सहा उपग्रहांची कक्षा 24 अंश कललेली आहे, त्यामुळे उष्ण कटिबंधात आलेख भरपूर मिळतात, अगदी भर अरबी समुद्रावरचेही. मात्र आलेख काढताना थर सगळीकडे सारखाच पसरलाय असं गृहीत धरतात. आपल्याकडच्या चढावर ते टिकत नाही, आणि 200 किमीच्या खालच्या आकड्यांवर तर मी सहजी विसंबणार नाही. तुमच्या गावावर, तुम्हाला हव्या त्या वेळी आलेख मिळेलच असंही नाही.

मे 2024 च्या चुंबकीय वादळात टीईसी तासागणिक कशी बदलली हे पाहायचं, तर जमिनीवरचा डेटा घ्या. थर वर उचलला गेला का, हे विचारायचं असेल तर ऑकल्टेशन. पहिल्याच प्रकल्पाला सहा महिने हातात असतील, तर मी जमिनीवरचाच सुचवेन. बंगळुरू आणि हैदराबादच्या आयजीएस (इंटरनॅशनल जीएनएसएस सर्व्हिस, उपग्रह सिग्नल नोंदवणारं जागतिक जाळं) केंद्रांच्या फाइली मोफत मिळतात, आणि चूक झाली तर ती रात्रीच्या आलेखात स्वतः पकडता येते. ऑकल्टेशनचा तयार आलेख इतका देखणा असतो की त्यातली चूक नवख्याला दिसतच नाही.