कानाचं यंत्र, पण चालवायचं बोटांनी : आठ महिन्यांनंतर

कापड आणि पापड. माझं ऐकणं कमी झालंय हे या दोन शब्दांनी सांगितलं. चिपळूणला घरीच माझं शिवणकाम आहे. आता मी मापं घेते आणि शिलाई दोघी मुली करतात, कारण माझ्या बोटांनी केव्हाच राजीनामा दिलाय. एक गिऱ्हाईक दारातूनच म्हणाली, "काकू, कापड आणलंय." मी म्हटलं, "कशाला गं, घरचे उडदाचे आहेत की." दोघीही हसलो. पण मापं लिहिताना 'सात' नि 'आठ'मध्ये घोटाळा होऊन एका ब्लाउजची बाही वाया गेली, तेव्हा हसू आटलं.

सांधे सुजवणारा आमवात, म्हणजे फायलीवर लिहितात तो आरए (रुमटॉइड आर्थ्रायटिस), मला 14 वर्षं आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, जोडीला फॉलिक अ‍ॅसिड, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, दर वर्षी डोळ्यांची तपासणी, सगळं नियमाने चालू आहे. कानांबद्दल मात्र मला कधी कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. साठी उलटली, असायचंच, असं धरून चालले होते.

कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन इवलीशी हाडं असतात. त्यांच्यामधले सांधेही बोटांच्या सांध्यांसारखेच, आतून तसंच अस्तर असलेले. हे कळल्यावर मला वाटलं, झालं, आता तेही धरले. पण कानाच्या डॉक्टरांनी पडद्याची दाबाची तपासणी केली, कानामागच्या हाडावर कंपन देऊन ऐकण्याचा वेगळा आलेख काढला आणि म्हणाले, मधली हाडं ठीक आहेत, कमी झालंय ते आत, शंखाकडे (आतल्या कानातला शंखासारखा भाग) आणि नसेकडे. आमवाताच्या पेशंटमध्ये बहुतेक वेळा हेच दिसतं म्हणे. त्यात वयाचा वाटा किती आणि आजाराचा किती, हे वेगळं काढता येत नाही. औषधांची यादीही त्यांनी बारकाईने पाहिली. अ‍ॅस्पिरिनचे मोठे डोस घेतले तर कानात गुणगुण सुरू होते, आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीननेही क्वचित कानाला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. "पण मनाने गोळी बंद करायची नाही," हे त्यांनी दोनदा बजावलं. आणि कधी एका कानाचं एकदम बंद झालं, तर 'बघू उद्या' न करता लगेच यायचं.

माझा आलेख 1000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे जाड आवाजांना, बरा आहे. 4000 ला, म्हणजे बारीक आवाजांना, मात्र तो घाटातल्या रस्त्यासारखा खाली उतरतो. स्वर खालच्या भागात असतात, स, श, त, क यांची धार वरच्या भागात. त्यामुळे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते नाही.

आता यंत्राचं. पहिलं मला कानाच्या आत बसणारं दिलं. "ताई, कोणाला दिसणारसुद्धा नाही," असं विकणारा सारखा म्हणत होता. माझे वाकडे हात त्याला समोर टेबलावर दिसत होते, पण लक्ष सगळं कानाकडे. त्या यंत्रात 10 नंबरचा सेल लागतो, पिवळ्या पट्टीचा. रुंदी 6 मिलिमीटरही नाही. चार-पाच दिवसांनी तो बदलायचा, म्हणजे नखाने झाकण उघडायचं, पट्टी सोलायची, मिनिटभर हवा लागू द्यायची आणि सेल उलटा न पडता बसवायचा. बॉबिन केस वर्षानुवर्षं डोळे मिटून बसवणारी बाई मी, पण दोन सेल फरशीवर हरवले आणि तिसऱ्यासाठी नातवाची शाळा सुटायची वाट पाहत बसले. सकाळी तर माझी बोटं तासभर उघडतच नाहीत. आठ दिवसांच्या बोलीवर दिलं होतं, पाचव्या दिवशी परत केलं.

दुसऱ्या ठिकाणच्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून यंत्र बसवून देणाऱ्या, मुलीने आधी माझा हात हातात घेऊन पाहिला. चिमूट जमते का, कोपर किती वर जातं, हे विचारलं. मी तिथेच ठरवलं, घ्यायचं तर हिच्याकडून. कानामागे बसणारं, चार्जिंगचं यंत्र घेतलं, जोडीचे ₹92,000. श्रवणयंत्रावर जीएसटी नसतो, तेवढाच दिलासा. रात्री चार्जरच्या खोबणीत नुसतं सोडलं की चुंबकाने आपोआप जागेवर बसतं, आणि दिवसभर पुरतं. माझ्यासाठी सगळ्या यंत्रात ही एकच गोष्ट सोन्यासारखी आहे. आवाज कमी-जास्त करायचं बटण इतकं बारीक की मी त्याच्या वाटेला जात नाही, मोबाईलवरून करते.

घालणं मात्र अजून कसरतच आहे. हात कानापर्यंत न्यायला खांदा लागतो, आणि माझा डावा खांदा रुसलेला असतो. टेबलावर कोपर टेकवायचं आणि हात वर नेण्यापेक्षा डोकं हाताकडे आणायचं, ही युक्ती मला महिनाभराने सुचली. आधी हाताला गरम पाण्याचा शेक, मग चहा, मग यंत्र. म्हणजे साडेआठपर्यंत आमचे हे काय बोलतात ते मला कळत नाही. त्यांची काही तक्रार नाही. मळ अडवणारी जाळी बदलायला खसखशीएवढ्या वस्तूशी झटावं लागतं, ते काम त्यांच्याकडे दिलंय.

पहिले पंधरा दिवस फ्रिज, बांगड्या, वर्तमानपत्राची पानं, सगळं अंगावर येत होतं. काढून ठेवू नकोस म्हणाली होती ती मुलगी, म्हणून नेटाने घातलं. पावसाळ्यात घामाने आणि दमटपणाने उजवं यंत्र दोनदा खरखरलं. आता दुपारच्या झोपेत ते सिलिका जेलच्या डबीत ठेवते. मणी निळ्याचे गुलाबी झाले की बदलायचे. जुलैत एका रात्री लाईट गेली, चार्जिंग झालं नाही आणि दुसरा अख्खा दिवस मी ठार बहिरी. तेव्हापासून पॉवर बँक भरलेली असते.

सगळ्यात वाईट फजिती गणपतीत झाली. माहेरच्या आरतीला झांजा सुरू झाल्या आणि कानात पत्रे फाटल्यासारखं झालं. मोबाईल आतल्या खोलीत, बोटांना बटण सापडेना, चटकन काढावं तर हात वर जाईना. वहिनीने ओढून काढलं. पुढच्या आरत्यांना आधीच काढून कनवटीला. लग्नाच्या हॉलमध्येही फारसा उपयोग नाही. समोर बसून एकजण बोललं तर ठीक, चौघे बोलले की पुन्हा कापड-पापड.

घरात, फोनवर आणि मापं घेताना मात्र चोख. मार्चपासून एकही बाही वाया गेलेली नाही.

डाव्या यंत्राची कानात बसणारी रबरी टोपी मला पटकन बसवता येत नाही, म्हणून कानाच्या मापाचा साचा करायला टाकलाय, ओढायला छोटी दोरी असलेला. तो दिवाळीनंतर मिळेल. पुन्हा आलेखही तेव्हाच काढायचाय.