नऊ महिने पाईपचा तंबाखू घरी मिसळतोय, त्याचा अनुभव

जानेवारीपासून तयार डबे आणणं बंद केलं आणि पाईपचा तंबाखू घरीच मिसळायला लागलो. इथे ओहायोत मिश्रणासाठीचे सुटे प्रकार औंसावर मिळतात. मी व्हर्जिनिया, बर्ली, लाटाकिया आणि पेरिक घेतले. शिवाय ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या आणि एक वही.

कुणी नव्याने तंबाखू धरावा म्हणून हे लिहीत नाही. पाईपचा धूर छातीत घेत नाहीत, तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका आहेच. मी आठवड्यातून दोनदा, जेवण झाल्यावर, घराबाहेर बसून ओढतो. बरण्या कुलपात असतात, घरात लहान मूल आहे.

मी मूळचा निपाणीकडचा. तंबाखूचा वास म्हणजे वखारीवरून जाताना नाकात झणझणणारा वास, एवढंच ठाऊक होतं. व्हर्जिनियाची पिशवी उघडली तर वाळल्या वैरणीसारखा गोडसर वास! आपल्याकडचा बिडीचा तंबाखू उन्हात वाळतो, तर व्हर्जिनिया बंद खोलीत गरम हवेवर वाळवतात, त्यामुळे पानातली साखर टिकते. चव त्या साखरेची, आणि भरभर ओढलं तर जीभ पोळते तीही बऱ्याच अंशी तिच्यामुळेच. बर्लीत साखर फारच कमी. ती मिसळली की धूर शांत होतो.

खरी फजिती पेरिकने केली. लुईझियानातल्या सेंट जेम्स पॅरिशमध्ये हे पान पिंपात दाबून महिनोन् महिने आंबवतात. वास अंजिराचा आणि मुरलेल्या आंबट लोणच्याचा. तो आवडला म्हणून ४० ग्रॅम व्हर्जिनियात १० ग्रॅम पेरिक घातला. अर्धा पाईप होईतो उचक्या लागल्या, कपाळाला घाम आला, मळमळायला लागलं. मग त्याच बरणीत आणखी ५० ग्रॅम व्हर्जिनिया घालून पेरिक दहा टक्क्यांवर आणला. आज माझ्याकडचं सगळ्यात आवडतं मिश्रण तेच आहे, दोनच पानांचं.

लाटाकियाचं नाव सीरियातल्या बंदरावरून पडलंय, माझ्याकडचा मात्र सायप्रसचा आहे. लाकडाच्या धुरावर धरलेलं काळं पान. चुलीमागच्या भिंतीवर हात फिरवून तो हुंगावा, तसा वास. ३० टक्के घातला तर बाकी कशाचीच चव कळेना. मला १५ टक्के पुरतो, पण लाटाकियाचे शौकीन तो याहून कितीतरी जास्त घालतात.

नऊ महिन्यांत पटलेली गोष्ट म्हणजे मुरवणं. मिसळल्या दिवशी ओढाल तर प्रत्येक पान वेगळं लागतं: एका झुरक्याला धूर, पुढच्याला गोडी, मग नुसताच तिखटपणा. लाटाकियाच्या पहिल्या मिश्रणावर मी त्याच संध्याकाळी वहीत ‘टाकून द्यावं’ असं लिहिलं होतं. आळसाने बरणी तशीच राहिली. तीन आठवड्यांनी झाकण उघडलं तर धुराचा वास बसला होता, खालून गोडी वर आली होती आणि कोरडी-ओली पानं एकसारखी मऊ झाली होती. वहीतली ती ओळ मी खोडली. आता प्रत्येक बरणीवर तारीख चिकटवतो आणि तीन आठवडे तिला हात लावत नाही.

ओलाव्याकडे मात्र लक्ष ठेवा. चिमूटभर तंबाखू बोटांत दाबून सोडला की तो हळूहळू सुटा व्हायला हवा. गोळाच राहिला तर ओला, चुरा झाला तर कोरडा. फेब्रुवारीत हीटरच्या हवेने एक मिश्रण पार वाळलं. जुन्या सल्ल्याप्रमाणे त्यात सफरचंदाची फोड ठेवली, तर पाच दिवसांत पांढरी बुरशी आणि कुबट वास. ६० ग्रॅम फेकून दिला. तेव्हापासून तंबाखू वाडग्यात पसरतो, वरून ओलसर फडकं ताणून बांधतो, फडकं पानांना टेकू देत नाही, आणि रात्रभर ठेवतो. एवढ्याने काम होतं.

पैशांची बचत म्हणाल तर पहिले चार महिने काहीच झाली नाही, उलट फसलेल्या मिश्रणांत खर्च वाढला. आता डब्यांपेक्षा स्वस्त पडतं. पुन्हा सुरुवात करायची झाली तर फक्त व्हर्जिनिया आणि बर्ली घेईन, २० ग्रॅमच्या वर एकही घाणा करणार नाही, आणि पेरिक त्यानंतर, ग्रॅम-ग्रॅमने.