मांजरीच्या नखांसाठी घरी बनवलेला खांब : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यातल्या माशेलच्या आमच्या घरात आजेसासऱ्यांची आरामखुर्ची आहे. सागवानी, पाठ आणि बैठक वेताच्या जाळीदार विणीची. गेल्या दसऱ्याच्या सुमारास तिच्या पाठीला उजवीकडे भोक पडलं. आधी करंगळीएवढं होतं, आठवडाभरात मूठ जाईल एवढं झालं. आमची मांजर शेवंती तेव्हा आठ महिन्यांची होती. दुपारची झोप झाली की अंग ताणत उठायची, थेट खुर्चीकडे जायची, मागच्या पायांवर उभी राहून वेतात नखं रुतवायची आणि वरून खाली ओढायची. तो कर्र कर्र आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा आणि सासूबाई हातातलं काम टाकून धावायच्या. "अगो, परत चढली बघ ती!"

आता खुर्ची पुन्हा विणून घेतली आहे, शेवंतीही घरातच आहे आणि दोघी एकाच खोलीत सुखाने नांदतात. मधल्या काळात काय घेतलं, काय टाकून दिलं आणि पावसाळ्यात कशाचं काय झालं ते सविस्तर लिहिते. मी शोधत होते तेव्हा आपल्याकडच्या दमट हवेत या वस्तू किती टिकतात, हे कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

पहिली खरेदी वाया गेली. ऑनलाइन मागवलेला स्क्रॅचिंग पोस्ट, म्हणजे मांजराने नखं ओढायचा तयार खांब, जेमतेम दीड फूट उंच, बुडाला हलकी फळी, वर लोंबता चेंडू. शेवंतीने हुंगला, पंजा टाकला आणि तो तिच्याच अंगावर कलंडला. पुन्हा ती त्याच्या जवळ गेली नाही. त्याबरोबर आलेली पुठ्ठ्याची पट्टी मात्र तिला आवडली. पण ती आडवी, जमिनीवरची. खुर्चीवरचं काम काही त्यामुळे थांबलं नाही.

लस द्यायला फोंड्याला नेली तेव्हा डॉक्टर बाईंना विचारलं. "तिला थांबवायच्या मागे लागू नका, तिला खुर्चीपेक्षा चांगली जागा द्या," असं त्या म्हणाल्या, आणि माझा सगळा विचार तिथून फिरला. मांजराच्या नखावर थर असतात. वरचा जुना थर सुटून गेला की खालचं धारदार नख मोकळं होतं, आणि तो सोडवायला काहीतरी खरखरीत लागतं. खुर्चीखाली झाडताना मला चंद्रकोरीसारखी, पोकळ, पारदर्शक टरफलं सापडायची. नखं तुटताहेत की काय म्हणून मी घाबरले होते, पण ती ही जुनी कवचं होती. दुसरं कारण ताण देण्याचं. झोपेतून उठल्यावर पाठ आणि खांदे पूर्ण ताणायचे तर पंजे कुठेतरी घट्ट रुतावे लागतात, म्हणून हलणारा खांब तिच्या कामाचा नाही. तिसरं कारण खुणेचं. पंज्यांच्या गादीत वासाच्या ग्रंथी असतात. ओरखडा दिसतो, वास राहतो, आणि ही जागा माझी असं ती सांगते. त्यामुळे असली खूण ती माणसांच्या वावराच्या जागीच करणार, कोपऱ्यातल्या अडगळीत नाही.

हे कळल्यावर वाड्यावरच्या मेस्तांना, म्हणजे सुतारांना गाठलं. त्यांनी चार इंच जाडीचा, तीन फूट उंचीचा लाकडी गोल तासून दिला. बुडाला दीड फुटी चौरस प्लायवूड आणि त्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला कडप्प्याचा तुकडा पक्का बसवला. मी स्वतः दोन्ही हातांनी ढकलून पाहिला, जागचा हलला नाही. त्यावर आठ मिलिमीटर जाडीचा सिसलचा दोर, म्हणजे आपला घायपाताचा, एकाला एक चिकटवून गुंडाळला. जवळपास ४० मीटर लागला. कमी आणू नका, मध्ये जोड आला की तिथेच पहिला सुटतो. स्टेपल किंवा बाहेर डोकावणारे खिळे अजिबात वापरले नाहीत, नख अडकलं तर बोटच दुखावेल. दोराची टोकं वर आणि खाली भोकातून आत घेऊन स्क्रूने दाबली. मजुरी धरून सतराशेच्या आसपास खर्च आला.

दिवाळीनंतर खांब खुर्चीला अगदी खेटून उभा केला. सासूबाईंना ते बघवेना, बैठकीच्या खोलीत मधोमध हे काय म्हणून. पण शेवंतीची जागा तीच होती. खुर्चीच्या पाठीवर प्लास्टिकचा कागद बांधला आणि त्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली (टेप थेट लाकडाला लावू नका, पॉलिश निघतं). पंज्याला चिकट लागलेलं मांजरांना आवडत नाही. दोन दिवस ती खुर्चीला हात लावून मागे व्हायची, खांबाकडे बघायची आणि निघून जायची.

मग शेजारच्या आजींनी खोकली आणून दिली. परसात आपोआप उगवणारं ते तण तुम्ही शंभरदा उपटून टाकलं असेल. त्याची ताजी मुळी मांजरांना वेड लावते, परदेशी कॅटनिप नावाचं झुडूप करतं तसंच. सगळ्या मांजरांना कॅटनिपचा गुण येत नाही, तो रक्तात असावा लागतो. शेवंतीवर खोकलीचा मात्र लगेच परिणाम झाला. मुळी ठेचून दोरावर चोळली. ती आली, गाल घासले, खांबाला मिठी मारली आणि पहिल्यांदा पूर्ण अंग ताणून नखं ओढली. मी शेजारी बसून होते. दोराचे बारीक तंतू उडताना दिसले, आणि माझे डोळे भरून आले. मुळी तिला खाऊ दिली नाही, फक्त चोळली आणि उरलेली टाकून दिली.

डिसेंबरअखेर खुर्चीवर एकही नवा ओरखडा नव्हता. जानेवारीत म्हापशाहून कारागीर आणून वेत विणून घेतलं. त्यानंतर खांब रोज चार-चार बोटं सरकवत खिडकीखाली नेला. एकदम उचलून दुसरीकडे ठेवला असता तर ती पुन्हा खुर्चीकडेच वळली असती.

आता पावसाळ्याचं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. पुठ्ठ्याची पट्टी जूनमध्येच सादळून लोळागोळा झाली. जुलैत खांबाच्या खालच्या फूटभर भागावर पांढरट हिरवी बुरशी दिसली, कारण फरशी पुसताना तिथे ओल लागत होती आणि सिसल ओल शोषून घेतो. तेवढा भाग सोडवला आणि शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारातून आणलेला सुंभ, म्हणजे काथ्याचा दोर, तिथे गुंडाळला. काथ्या पाण्याला दाद देत नाही. होड्यांना आणि विहिरीला तोच दोर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. मात्र काथ्याची कुसं गळतात, रोज झाडावं लागतं. तिची नखं ओढायची जागा वरच्या अर्ध्या भागात आहे, तिथे सिसलच ठेवला. वरचा दोर दहा महिन्यांत पिंजून झुबकेदार झाला आहे. तो बदलायचा मोह झाला होता, पण पिंजलेला दोर म्हणजे तिच्या वासाची, तिच्या खुणेची जागा. अगदी लाकूड दिसेपर्यंत बदलणार नाही.

पाण्याचा फवारा मारायचा सल्ला मलाही मिळाला होता, आणि सुरुवातीला दोन-तीनदा मी तो मारलाही. त्याने ओरबाडणं थांबलं नाही, मी खोलीत नसताना होऊ लागलं, आणि माझा हात दिसला की ती दबकायची. तिचं ते दबकणं मला फार लागलं. फवारा त्याच दिवशी बंद केला.

दुसरा एक सल्ला ऐकून तर मी रात्रभर झोपले नाही: नखं कायमची काढून टाका. त्या शस्त्रक्रियेत नख नव्हे, बोटाचं शेवटचं हाड कापतात. न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली कायद्याने त्यावर बंदी घातली, युरोपातल्या अनेक देशांत ती आधीपासूनच आहे. कुणी असं सुचवलं तर कृपा करून ऐकू नका. त्याऐवजी नखांची टोकं कापा. पुढच्या पंज्यांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार अशी अठरा असतात, पण मी दर तीन आठवड्यांनी पुढचीच कापते. ती झोपाळलेली असताना मांडीवर घ्यायचं, बोटाची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येतं. आत गुलाबी शीर दिसते. तिच्यापासून दूर, फक्त पारदर्शक टोक. एका बैठकीत दोनच बोटं झाली तरी चालतं.

एकदा मात्र सगळं बिनसलं. मे महिन्यात नणंदेची मुलं राहायला आली. त्यांनी खांब खेळायला म्हणून बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) ओढून नेला, घरात गोंगाट, आणि चौथ्या दिवशी खुर्चीच्या हाताच्या टोकाला चार ताजे ओरखडे. घरात माणसं वाढली, वास बदलले की मांजर जास्त खुणा करतं, हे तेव्हा समोर दिसलं. तिला कुणीही रागावलं नाही. खांब जागेवर आणला, मुलांना कारण समजावलं. धाकट्याने त्यानंतर खांबाची राखणच केली.

आता चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, दोन आठवड्यांवर आली आहे. घरात वीस-पंचवीस माणसं असतील आणि गणपतीच्या खोलीत माटोळीला, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, फळं लटकतील. माटोळीची चौकट नीट करायला मेस्त येणार आहेत, तेव्हाच त्यांना तसाच दुसरा खांब करायला सांगितला आहे. तो आतल्या शांत खोलीत, तिच्या अंथरुणाजवळ राहील. त्याला बुडापासून निम्म्यापर्यंत सुंभच घालणार आहे. खोकली परसात भरपूर उगवली आहे, सासूबाईंनी तुळशीकडची चार रोपं न उपटता मुद्दाम राखून ठेवली आहेत.