मध्यम लहरी की एफएम: विदर्भातील श्रोत्यापुढचा पर्याय

नागपूर आकाशवाणी 1948 साली सुरू झाली आणि 585 किलोहर्ट्झवरील तिचे मध्यम लहरींचे प्रसारण, जमिनीला धरून दूरवर जाणाऱ्या लहरींमुळे, ज्या खेड्यांत वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी येई तिथेही बाजारभाव, हवामान आणि शेतीविषयक सल्ला वेळेवर पोहोचवीत असे. एफएमच्या लहरी मात्र जवळजवळ सरळ रेषेत जातात. साहजिकच मेळघाटासारख्या डोंगराळ भागात त्या टेकडीआड अडतात, आणि मोठ्या क्षेपकाचाही आवाका साधारणतः साठ-सत्तर किलोमीटरच्या आसपास संपतो. आवाजाच्या स्वच्छतेत एफएम निःसंशय सरस आहे. मध्यम लहरींवर एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांची खरखर इतकी चढते की संध्याकाळचे वार्तापत्र ऐकणे हा संयमाचाच भाग ठरतो.

तरीही मध्यम लहरींवर खरा घाव माझ्या मते खरखरीने नव्हे, तर रेडिओ संचाने घातला, कारण मोबाइलमध्ये (असलाच तर) एफएमच असतो आणि मध्यम लहरी पकडणारा ट्रान्झिस्टर बिघडल्यावर दुरुस्त करणारा कारागीर तालुक्याच्या गावीही सहज सापडत नाही. ॲपवर तेच केंद्र ऐकता येते, पण नेटवर्क असेल तरच. सखल, शहरालगतच्या गावाने एफएम निवडावे. जंगलपट्ट्यात जुना ट्रान्झिस्टर अजून मोडीत काढू नये.