शेफिल्डची एमएससी की खारघरची पीएचडी?

बायोटेक, मायक्रो केलेली मुलं आणि हल्ली एमबीबीएसवालेपण हेच विचारतात, की कॅन्सरमध्ये रिसर्च करायचाय पण नुसता पेट्री डिशवर नको, पेशंटपर्यंत पोचणारा हवाय, तर बाहेर जाऊन एमएससी करू की इथंच पीएचडीला लागू? दोन ठिकाणं धरून बोलू. एक यूकेच्या शेफिल्ड युनिव्हर्सिटीची ट्रान्सलेशनल ऑन्कोलॉजी (लॅबमधलं कॅन्सर संशोधन पेशंटपर्यंत नेणं) एमएससी, दुसरं खारघरचं ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचंच रिसर्च सेंटर, डिग्री मिळते होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची.

शेफिल्ड वर्षभरात उरकतं. लेक्चर्स, मग काही महिन्यांचा प्रोजेक्ट. ओळख चांगली होते, पण एवढ्या वेळात एथिक्स कमिटीची परवानगी, पेशंटची संमती, सॅम्पल मिळवायची मारामार यातलं फारसं काही हाताखालून जात नाही, आणि खरी मेख तिथंच असते. फी आपल्या खिशातून, म्हणजे बहुतेकांचं लोनच.

ॲक्ट्रेकला पाच-सहा वर्षं धरूनच चला. पण पैसे भरायचे नाहीत, उलट मिळतात, जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, वर एचआरए. लॅब आणि हॉस्पिटल एकाच कॅम्पसमध्ये, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. रक्ताच्या कॅन्सरवरच्या नेक्सकार१९ या सेल थेरपीचंच बघा, आयआयटी बॉम्बेच्या लॅबमध्ये तयार झाली, ट्रायल टाटाच्या डॉक्टरांनी केली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. पेशंटच्या रक्तातून टी सेल्स (रोगाशी लढणाऱ्या पेशी) वेगळ्या काढायच्या, व्हायरस वापरून त्यांच्यात सीडी१९ (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रोटीन) ओळखणारा रिसेप्टर घालायचा, वाढवायच्या आणि परत शिरेतून चढवायच्या, एकट्या लॅबवाल्याचं किंवा एकट्या डॉक्टरचं हे कामच नाही. अर्थात तिथल्या सगळ्याच लॅब असलं काम करत नाहीत, म्हणून गाईड निवडताना त्यांच्या अलीकडच्या पेपरांत हॉस्पिटलच्या डॉक्टरांची नावं दिसतात का तेवढं बघा.

एमबीबीएसवाल्यांनो, शेफिल्डच्या डिग्रीवर तिकडे पेशंट बघता येत नाहीत, जीएमसी, म्हणजे तिकडच्या मेडिकल काउन्सिलचं रजिस्ट्रेशन वेगळं. मेडिकल ऑन्कोलॉजिस्टच (औषधांनी कॅन्सरवर उपचार करणारा डॉक्टर) व्हायचं असेल तर एमडी मग डीएम, हे दोन्ही रस्ते तुमचे नाहीत.

माझं मत खारघरच्या बाजूने, फक्त पाच वर्षं टिकायची तयारी हवी. आधीच एखाद्या फार्मा कंपनीत, क्लिनिकल ट्रायलच्या कामात असाल तर मात्र एका वर्षाची एमएससी जास्त उपयोगी पडेल. जाणारच असाल तर व्हिसाचा हिशोब आधी करा, १ जानेवारी २०२७ पासून ग्रॅज्युएट व्हिसाचा (शिकून झाल्यावर तिकडे राहून काम करायचा व्हिसा) अर्ज करणाऱ्या एमएससीवाल्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहेत, आणि लोनचा हप्ता काही थांबत नाही.