मुंबई ते सिंगापूर थेट विमानप्रवास: अंतर, वेळ आणि झोप

मुंबईपासून सिंगापूरच्या चांगी विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर असून थेट विमानाला साधारण साडेपाच तास लागतात. सिंगापूरचे घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असल्यामुळे रात्री साडेअकराला निघालेला प्रवासी तिथल्या सकाळी साडेसातच्या सुमारास उतरतो, आणि जेवण, दिवे व घोषणा यांतून आम्हाला जेमतेम तीन तास झोप मिळाली. सोबत वृद्ध आईवडील असतील, तर दिवसाचेच विमान घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. परतताना तेच अडीच तास पदरात पडतात: संध्याकाळी सहाला निघून रात्री नऊच्या सुमारास मुंबई. मध्ये थांबा असलेले स्वस्त तिकीट मला परवडण्यासारखे वाटले नाही.