बडोद्याहून जीवाश्म पाहायचे तर: रैयोली की झामरकोटडा?

रैयोलीत फार शोधावं लागत नाही. बालासिनोरजवळच्या या गावात लॅमेटा नावाच्या खडकांच्या थरांत डायनासोरची गोल अंडी अन् हाडं आहेत, वय सुमारे 6.7 कोटी वर्षं. सकाळी निघून संध्याकाळी घरी. मुलं बरोबर असतील तर हेच.

उदयपूरजवळचं झामरकोटडा सुमारे 180 कोटी वर्षांचं. त्यापुढे डायनासोर कालचेच! इथले स्ट्रोमॅटोलाइट म्हणजे नीलहरित जिवाणूंच्या चिकट थरांनी गाळ धरून, थरावर थर चढवत उभे केलेले स्तंभ. फॉस्फेट याच स्तंभांत साठलंय, म्हणून खाणही आहे. वरून पाहिलं की नुसती वर्तुळं दिसतात आणि लोक हिरमुसतात. बाजूचा छेद शोधा, थोडं पाणी शिंपडा. वर फुगलेल्या कमानी उठून दिसतात. हातोडी मात्र दोन्हीकडे नको.